फाटक नसलेला नाका

१२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी उरण तालुक्याला मुंबईकडे जाणाऱ्या दोन नव्या वाटा मिळाल्या. एक शिवडीहून चिर्ल्याला उतरणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, ज्याचा सुमारे साडेसोळा किलोमीटरचा भाग पाण्यावर आहे. दुसरी खारकोपरहून पुढे थेट उरणपर्यंत पोचलेली लोकल. लोकलला तिकीटखिडकी आहे. विनातिकीट चढलेल्याला टीसी पकडतो, दंड मागतो, आणि त्याच्याशी हुज्जतही घालता येते. सेतूवर यातले काहीच घडत नाही. रस्त्यावर एक आडवी लोखंडी कमान आहे, तिच्यावर अँटेना आणि कॅमेरे आहेत. मोटारीच्या काचेला आतून चिकटवलेल्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. कमानीवरून आलेल्या रेडिओलहरींच्या जोरावर तो क्षणभर जागा होतो, आपला क्रमांक सांगतो आणि पुन्हा निपचित पडतो. तो क्रमांक वसुली करणाऱ्या बँकेकडून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेत जातो, तिथून टॅग देणाऱ्या बँकेकडे, आणि मोटारीच्या एका फेरीचे २५० रुपये खात्यातून वजा होतात. चालकाला ब्रेकवर पायही ठेवावा लागत नाही. वजावटीचा संदेश मोबाइलवर उमटतो तेव्हा कमान कधीच मागे पडलेली असते. देणाऱ्याने हात पुढे केला नाही, घेणाऱ्याने पसरला नाही, तरी व्यवहार पुरा झाला. अभियांत्रिकी म्हणून हे निर्विवाद सुंदर आहे. प्रश्न धर्माचा आहे, आणि धर्म म्हणजे इथे देवपूजा नव्हे, तर कोणी कोणाचे काय देणे लागतो याचा विचार: इतक्या सहजपणे जो घेतो, त्याच्यावर त्या घेण्याने कोणते बंधन येते?

या किनाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. वाटेवर उभे राहून पैसे मागण्याचा इतिहास इथे रस्त्यांपेक्षा समुद्रावर जास्त लिहिला गेला. रेवदंड्याच्या पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून व्यापारी जहाजांवर ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याची सक्ती केली. परवाना नसलेले जहाज त्यांच्या लेखी जप्तीला पात्र होते. पुढे अलिबागच्या कुलाब्यावरून कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक सुरू केले आणि इंग्रजांसकट सगळ्यांकडून ते घेतले जावे असा आग्रह धरला. इंग्रजांनी कान्होजींना चाचा ठरवले, मात्र स्वतः दिलेल्या परवान्यांना ते चाचेगिरी म्हणत नव्हते. आपला कागद तो परवाना आणि दुसऱ्याचा तो दरोडा, हा त्या काळच्या प्रत्येक आरमाराचा न्याय होता. पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टिनने आपल्या ‘देवाचे नगर’ या ग्रंथात अलेक्झांडर आणि एका समुद्री लुटारूची गोष्ट सांगितली आहे: लुटारू पकडला गेल्यावर बादशहाला म्हणतो की मी एका लहान गलबतानिशी करतो म्हणून मला लुटारू म्हणतात, तू मोठ्या आरमारानिशी करतोस म्हणून तुला सम्राट म्हणतात. न्याय वजा केला तर राज्य आणि दरोडेखोरांची टोळी यांत उरते काय, असा ऑगस्टिनचा सवाल आहे. महाराष्ट्रात ‘टोलधाड’ हा शब्द वर्तमानपत्रांतून रुळला, तेव्हा लोक नकळत तोच सवाल विचारत होते. टोल आणि खंडणी यांत फरक आहे असे आपण मानतो. तो फरक नेमका कशात आहे, हे ठरवल्याशिवाय कमानीखालून जाणाऱ्या व्यवहाराला बरे किंवा वाईट म्हणता येणार नाही.

पहिले उत्तर कायद्याचे असते. टोलला अधिसूचना असते, खंडणीला नसते. पण पोर्तुगीजांच्या कार्ताझलाही त्यांच्या राजाचा शिक्का होता. शिक्क्याने मागणी अधिकृत होते, न्याय्य होतेच असे नाही. दुसरे उत्तर संमतीचे: सेतूवरून जायची सक्ती कोणी केली? वाशीच्या पुलावरून वळसा घाला, नाहीतर मोऱ्याची लाँच पकडून भाऊच्या धक्क्यावर उतरा. या उत्तरात दम आहे, पण तो जितका वाटतो तितका नाही. खंडणीखोरही गिऱ्हाइकाला पर्याय देतोच. शिवाय वळसा घालण्याची सोय सगळ्यांना सारखी नसते. रुग्णाला घेऊन निघालेल्याला दोन तासांचा वळसा हा पर्याय म्हणता येत नाही. तिसरे उत्तर आपल्या राजधर्माच्या परंपरेत फार स्पष्टपणे सापडते आणि मला तेच खरे वाटते. घेणारा घेतो त्या क्षणीच बांधला जातो. राजाचा सहावा हिस्सा हे रक्षणाचे वेतन आहे, असे बौधायनापासून धर्मसूत्रे सांगत आली. आणि रक्षण न करता जो हिस्सा घेतो तो प्रजेचे सगळे पाप आपल्या माथी घेतो, इथपर्यंत मनुस्मृती जाते. मनुस्मृतीच्या इतर अनेक गोष्टी आज टाकून देण्याच्याच लायकीच्या आहेत, आणि महाराष्ट्राने १९२७ साली याच रायगड जिल्ह्यातल्या महाडला ती जाळून ते सांगितलेही. तरी कर घेणाऱ्याला पापाचा धनी ठरवणारा हा विचार जाळणाऱ्यांच्याच बाजूचा आहे.

कौटिल्य पापपुण्याची भाषा कमी बोलतो, म्हणून त्याची साक्ष जास्त उपयोगी. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाचे प्रकरण आहे. जकातघर कुठे बांधायचे, निशाण कोणत्या दिशेला लावायचे, व्यापाऱ्याने मालाची किंमत कमी सांगितली तर काय करायचे, असा सगळा बारकाईचा कारभार त्यात आहे. त्याच प्रकरणात सीमेवरच्या अंतपालाचे काम येते. मालाच्या प्रत्येक ओझ्यामागे सवा पण ‘वर्तनी’, म्हणजे वाटेचा कर, तो घेतो. आणि लगोलग पुढचा नियम असा की वाटेत व्यापाऱ्याचे जे हरवेल किंवा चोरीला जाईल ते त्यानेच भरून द्यायचे. दोन नियमांच्या मध्ये अर्ज नाही, चौकशी समिती नाही, लवाद नाही. घेणे आणि भरपाई एकाच माणसाच्या अंगावर, एकाच श्वासात सांगितलेली आहे. मनुस्मृतीतले नावेचे दरही असेच आहेत: रिकाम्या गाडीला एक पण, माणसाने वाहिलेल्या ओझ्याला अर्धा, आणि नावाड्यांच्या चुकीने उतारूंचे नुकसान झाले तर ते सगळ्या नावाड्यांनी मिळून भरायचे. म्हणजे टोल ही विक्री नाही. विकणाऱ्याचे काम माल दिला की संपते. वाटेचे पैसे घेणाऱ्याचे काम तिथे सुरू होते, कारण वाटसरू पैसे देऊन त्याच्या हवाली झालेला असतो. प्रत्यक्षात किती अंतपालांनी खिशातून भरपाई दिली असेल, याबद्दल शंका घ्यायला भरपूर जागा आहे. परंतु आदर्श म्हणून काय लिहिले गेले हे महत्त्वाचे, कारण आपल्या आजच्या अधिसूचनांत आदर्श म्हणूनसुद्धा ते लिहिलेले नसते.

इथे एक आक्षेप अधिक मुळापासून येतो: वाटेचे पैसे घ्यावेतच का? वाट ही पाणपोईसारखी पुण्याची गोष्ट आहे, ती विकायची नसते. या मताच्या पाठीशीही कोकणपट्टीचा भक्कम पुरावा आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखात आपली दाने मोजून सांगितली आहेत, आणि त्यांत तापी, पार, दमणगंगा, डहाणू अशा नद्या-खाड्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्याचा उल्लेख आहे. भडोच, सोपारा इथे धर्मशाळा आणि विहिरीही. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी खाडी ओलांडण्याचे पैसे न घेणे हे कोरून ठेवण्याजोगे पुण्य होते, यावरून दोन गोष्टी कळतात: ते पुण्य होते, आणि एरवी पैसे घेतले जात होते. बोरघाटाच्या पायथ्याला खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेले तळे आणि वीरेश्वराचे देऊळ याच पूर्तधर्मातले, म्हणजे लोकोपयोगी बांधकामाच्या पुण्यातले. मला या परंपरेबद्दल आदर आहे, पण तिच्यातून टोल अधर्म ठरतो असे वाटत नाही. उषवदाताच्या नावा फुकट होत्या त्या उतारूला. त्यांचा खर्च क्षत्रपांच्या खजिन्यातून झाला, आणि खजिना कुठल्या तरी शेतकऱ्याच्या आणि सार्थवाहाच्या हिश्शातूनच भरलेला होता. फुकट वाट म्हणजे जिचे पैसे दुसऱ्याने दिले अशी वाट. कधी मोटार न घेणाऱ्या माणसाच्या करातून सेतू बांधून मोटारवाल्याला तो फुकट देणे हे पुण्य म्हणून खपवता येणार नाही. टोलमध्ये निदान एवढा प्रामाणिकपणा आहे की जो वापरतो त्याच्याकडून मागितले जाते. ‘टोलमुक्त महाराष्ट्र’ ही घोषणा निवडणुकीला चांगली, धर्मविचाराला अपुरी.

तेव्हा टोल मान्य. इलेक्ट्रॉनिक टोलही मान्य, आणि तो जुन्या नाक्यापेक्षा बराच चांगला, हेही मोकळेपणाने म्हटले पाहिजे. हातात नोटा घेऊन रांगेत खोळंबलेल्या गाड्या, सुट्ट्या पैशांऐवजी हातात पडणारे चॉकलेट, केबिनमधल्या पोराशी होणारी आणि अनेकदा हातघाईवर येणारी भांडणे, किती गाड्या गेल्या आणि किती दाखवल्या याबद्दलचा कायमचा संशय, हे सगळे ज्याला हवेहवेसे वाटते त्याने खालापूरच्या नाक्यावर सुट्टीच्या शनिवारी काय होत असे ते आठवावे. भर उन्हात धूर गिळत दिवसभर केबिनमध्ये बसणे हेही कोणाला करायला लावावे असे काम नव्हते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या टोल नाक्यांवरही. प्रत्येक वजावटीची नोंद राहते, ती तपासता येते. कोणी म्हणेल, हे तर चित्रगुप्ताचे वहीखाते झाले. उपमा सुचणारच, पण ती अर्धीच लागू पडते: चित्रगुप्ताकडे राजाचे पानही असते.

यंत्राने रांग काढून टाकली, तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. नाक्यावर फाटक होते म्हणून तिथे ‘देणार नाही’ म्हणता येत होते. ज्या जमिनीवर सेतू उतरतो तिला नकाराचा इतिहास आहे. चिर्ल्याहून जवळच असलेल्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात लोक कायदा मोडायला आक्कादेवीच्या रानात गेले आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे पडली. अलिबाग तालुक्यातल्या चरीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभे राहून १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांच्या जमिनी कसल्याच नाहीत. उपासमार पत्करली, पण अर्ध्याहून जास्त पीक गिळणाऱ्या खंडाला मान तुकवली नाही. हे टोलचे प्रसंग नव्हेत, पण घेणाऱ्याला त्याच्या धर्माची आठवण कशी करून दिली जाते याचे आहेत. टोलचाच प्रसंग हवा असेल तर कोल्हापूरचा आहे: शहरातल्या रस्त्यांवरचा टोल एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी वर्षानुवर्षे नाकारला, आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला तो रद्द करावा लागला. ते आंदोलन उभे राहू शकले कारण नाका ही एक जागा होती. तिथे जमता येत होते, गाडी आडवी घालता येत होती, खिशातला हात खिशातच ठेवता येत होता. नकार देता येत असूनही दिलेले पैसे म्हणजे दर वेळी नव्याने दिलेली मान्यता असते. कमानीखाली नकार देण्याजोगा क्षणच उरलेला नाही. टॅग काढून टाकला तर रोखीने दुप्पट, नोव्हेंबर २०२५ पासून यूपीआयने भरल्यास सव्वापट. म्हणजे नकाराला दंडाचे दरपत्रक आहे, आणि जिथे फाटकच नाही तिथे क्रमांकाच्या पाटीचा फोटो घेतला जातो. घेणाऱ्यावर लोकांनी ठेवलेला सगळ्यात जुना अंकुश तंत्रज्ञानाने, कोणताही वाईट हेतू नसताना, काढून घेतला.

यावर सुजाण वाचक म्हणेल की नकाराची जागा नाक्यावरून न्यायालयात गेली, आणि तिथेच ती शोभते. गाड्या आडव्या घालणे हे काही नागरिकपणाचे लक्षण नव्हे. हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला पुरावाही ताजा आहे. केरळमध्ये त्रिशूर जिल्ह्यातल्या पालियेक्कराच्या नाक्यावर रस्त्याची दुर्दशा आणि कोंडी पाहून तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये टोलवसुली स्थगित केली. महामार्ग प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने त्या आदेशात हात घालायला नकार दिला आणि खड्ड्यांतून वाट काढण्यासाठी लोकांनी पुन्हा पैसे का मोजावेत असा रोख ठेवला. अंतपालाच्या नियमाला याहून स्वच्छ आधुनिक दुजोरा मिळणार नाही. पण हाच खटला माझी अडचणही दाखवतो. त्या निकालापर्यंत पोचायला कोणाला तरी याचिका करावी लागली, वकील लावावा लागला, महिने घालवावे लागले. तोवर यंत्र क्षणाक्षणाला पैसे कापत होते. काही आठवड्यांनी वसुली पुन्हा सुरूही झाली. घेण्याचा वेग सेकंदाचा आणि परत मिळवण्याचा वेग वर्षाचा असेल तर न्याय आहे एवढे म्हणून भागत नाही. कौटिल्याने दोन नियम शेजारीशेजारी ठेवले होते. आपण एक नियम कमानीवर बसवला आणि दुसरा न्यायालयाच्या आवारात सोडून दिला.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: ज्या यंत्राने नकाराची जागा काढून घेतली, त्याच यंत्रात परताव्याची जागा करायला हवी. हे स्वप्नरंजन नाही, कारण तशी सुरुवात झालेली आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या शुल्कनियमांत २०१८ साली अशी भर पडली की टॅग धड आहे, खात्यात पैसे आहेत आणि तरी नाक्यावरचे यंत्र तो वाचू शकले नाही, तर गाडी शुल्क न भरता जाईल आणि तिला शून्य रकमेची पावती मिळेल. एवढ्याशा कलमात राजधर्माचे मोठे तत्त्व आहे: घेणाऱ्याचे साधन बिघडले तर भुर्दंड घेणाऱ्याला. मे २०२१ मध्ये प्राधिकरणाने आणखी एक पाऊल टाकले. प्रत्येक मार्गिकेत १०० मीटरवर पिवळी रेघ आखायची, रांग तिच्या पलीकडे गेली की रांग आत येईपर्यंत गाड्या टोल न घेता सोडायच्या. रस्त्यावर रंगाने काढलेली ती रेघ म्हणजे घेणाऱ्याच्या धर्माची मर्यादा होती. अडाण्यालाही दिसणारी, कोणालाही मोजता येणारी. पुढे ही तरतूद मागे घेण्यात आली. रेघ पाळणे जड गेले असावे, हे समजू शकते. पण जड जाते म्हणून ऋण फिटत नाही.

याला अधिकाऱ्यांकडून उत्तर येते ते असे की टोल हा रस्त्याच्या आजच्या अवस्थेचा मोबदला नाही. तो बांधकामाच्या कर्जाची फेड आहे. सेतूसाठी जपानच्या जायका संस्थेचे कर्ज घेतले, ते हप्त्यांनी फेडायचे आहे. खड्डा पडला म्हणून हप्ता थांबत नाही. हिशेब म्हणून हे बिनचूक आहे. पण मग प्रवाशाला धनको आणि ऋणको यांच्या मधल्या नळासारखे वागवले जाते, आणि नळाचे कोणी काही देणे लागत नसते. वाटसरूने दिलेले पैसे कुठे जातात यावर घेणाऱ्याचे बंधन ठरत नाही, ते घेतल्याने ठरते. अंतपालही ती वर्तनी पुढे राजाच्या खजिन्यातच भरत असणार. दुसरे उत्तर मोजमापाचे: रस्ता ‘वाईट’ हे कोण ठरवणार? जी यंत्रणा धावत्या गाडीचा वर्ग ओळखते, क्रमांक वाचते आणि दोन कमानींमधला वेळ मोजू शकते, तिला एवढे नक्कीच कळते की १०० च्या वेगासाठी बांधलेल्या वाटेवर आज गाड्या २० ने सरकत आहेत. अपघात किंवा पाऊस असेल तर तेही वजा करता येईल. उरलेल्या वेळेचा टोल, अर्ज न मागता, ज्या खात्यातून आला त्या खात्यात परत जाऊ शकतो. अडचण तंत्राची असती तर कापण्यातही आली असती.

सूट देण्याच्या बाबतीत ही विषमता अगदी उघडी पडते. गणेशोत्सवात कोकणात निघालेल्या गाड्यांना सरकार दरवर्षी टोलमाफी देते. आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या वाहनांनाही. काहींना यात धर्मनिरपेक्ष राज्याचा तोल जातो असे वाटते. मला तसे वाटत नाही. कौटिल्याने विवाह, यज्ञ, बाळंतपण, देवपूजा यांसाठीचा माल शुल्कातून सोडला होता, मनुस्मृतीने नावेवर गर्भवतीला आणि संन्याशाला. आणि आजचे सरकार १४ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना, ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना सोडते. सूट नेहमीच कशाला तरी मान देते. कधी सणाला, कधी पर्यावरणाला, कधी निवडणुकीच्या तारखेला. मला खुपते ते वेगळेच. टोल कापायला काचेवरचा टॅग पुरतो, टोल माफ व्हायला मात्र पोलीस ठाण्यात किंवा परिवहन कार्यालयात जाऊन, गाडीचा क्रमांक आणि मालकाचे नाव लिहिलेला कागदी पास घेऊन तो त्याच काचेवर चिकटवावा लागतो. ज्या यंत्राला क्रमांक पाठ आहे, त्याला माफीच्या वेळी काहीच आठवत नाही. शिवाय मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू होऊन पुढे वर्षानुवर्षे रखडले. वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव करत गणपतीला गावी जाणाऱ्याने त्या वाटेवर हाडे खिळखिळी करून घेतली. अशा माणसाला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची काही दिवसांची माफी हे दान म्हणून देणे मला पटत नाही. जे ऋण आहे ते दयेच्या पाकिटात घालून दिले की घेणारा उपकाराखाली दबतो आणि देणारा मोकळा होतो.

आणि ज्यांच्या काचेला टॅगच नाही, त्यांचे काय? सेतूवर दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. त्यामागे वाऱ्याचे आणि वेगाचे सुरक्षेचे कारण आहे आणि ते खोटे नाही. परंतु न्हावा, गव्हाण, मोरा इथल्या कोळ्याकडे बहुधा दुचाकीच असते. ज्या खाडीत तो जाळी टाकत होता तिच्यावरून जाणारी वाट त्याला पैसे मोजूनसुद्धा वापरता येत नाही. टोलची नीती ठरवताना आपण नेहमी देणारा आणि घेणारा असे दोघेच धरतो. वाट ज्याच्या अंगणातून गेली तो तिसरा हिशेबात येत नाही. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला पत्र लिहून बारदेशातून येणाऱ्या मिठावर जबर जकात बसवायला सांगितले, कारण स्वस्त मिठाने स्वराज्यातल्या मिठागरांचे नुकसान झाले असते. तिथे जकात ठरवताना ती न भरणाऱ्या तिसऱ्या माणसाचा विचार होता. आपल्याकडे तो विचार उशिरा आणि भांडून करून घ्यावा लागतो. जेएनपीटी बंदराच्या विस्तारात मासेमारी गेलेल्या हनुमान कोळीवाडा, उरण कोळीवाडा, गव्हाण आणि बेलपाडा या गावांतल्या १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये द्यावेत असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे पीठाने २०१५ साली दिला, तो गावकऱ्यांनी स्वतः उभे राहून लढल्यावर. सेतूच्या बाधित मच्छीमारांसाठी सेतू बांधणाऱ्या एमएमआरडीएने भरपाईचे धोरण केले हे खरे. पण ती एकरकमी भरपाई आहे, आणि टोल मात्र रोजचा. खाडीतले उत्पन्न गेले ते रोजचेच गेले होते. रोज कमानीखाली जमणाऱ्या रकमेतला एक लहानसा हिस्सा, त्याच सेकंदात, त्या गावांच्या मच्छीमार सोसायट्यांच्या खात्यात वळवणे हे आजच्या यंत्रणेला अवघड नाही. बँका, वसुली संस्था, ठेकेदार यांच्यात तिचे वाटे ती तसेही पाडतेच.

आता धरमतरच्या खाडीवर रेवस ते करंजा पुलाचे काम चालू आहे. माजी मुख्यमंत्री बॅ. अंतुल्यांनी कल्पिलेल्या रेवस-रेड्डी सागरी मार्गाचा तो पहिला मोठा दुवा. आज तिथे तरीने जाणारा माणूस नावाड्याला पैसे देतो, समोरासमोर, आणि भरतीला नाव उशिरा सुटली तर त्याला चार शब्द सुनावतोही. पुलावर टोल लागला, तर त्याची अधिसूचना अजून लिहायची आहे. तिच्यात दर असतील, वाहनांचे वर्ग असतील, दरवाढीचे कोष्टक असेल, दुप्पट आकारणीचे कलम असेल. त्याच पानावर, दराच्या लगेच खाली, घेणाऱ्याने कोणत्या प्रसंगी किती आणि किती तासांत परत करायचे याचे कोष्टक मागून घ्यायला हवे, आणि ते रेवस, करंजा, मांडव्याच्या ग्रामसभांनी पुलाचा शेवटचा गाळा बसण्याआधीच मागायला हवे. एकदा कमान उभी राहिली की मागायला जागाच राहणार नाही.